जाळे ओळखणारी पंडिता

गोदावरीच्या काठच्या एका गावात यात्रेच्या वाटेवर एक ब्राह्मण कुटुंब उतरले होते. गृहस्थांसोबत पत्नी आणि दोन मुली होत्या. थोरली नऊ वर्षांची, धाकटी सात वर्षांची. सकाळी नदीवर स्नान करीत असता गृहस्थांना एक भारदस्त, विद्वान दिसणारा पुरुष भेटला. स्नानसंध्या आटोपल्यावर विचारपूस झाली. जात, गोत्र, गाव कळले, तो विधुर असल्याचेही समजले आणि तासाभरात गृहस्थांनी आपली थोरली लेक त्याला देऊ केली. दुसऱ्या दिवशी लग्न लागले. त्यानंतरच्या दिवशी वधूपिता उरलेले बिऱ्हाड घेऊन पुढच्या तीर्थाला निघून गेला. जावई कुठल्या स्वभावाचा आहे, शेकडो मैल दूर नेऊन तो मुलीला कसे वागवील, याची चौकशी त्याने तेव्हा केली नाही आणि नंतरही केली नाही.

ती नऊ वर्षांची मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई आणि नदीवर भेटलेले ते चाळिशी ओलांडलेले गृहस्थ म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे; पंडिता रमाबाईंचे आईवडील. १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या पुस्तकात रमाबाईंनी ही हकीकत सांगितली आहे. पुस्तक आईच्या स्मृतीला अर्पण केले आहे. हकीकत सांगताना मात्र आईचे नाव घेतलेले नाही. मुलगी सुदैवाने चांगल्या माणसाच्या हाती पडली, तिला अपेक्षेबाहेर माया मिळाली, हे त्यांनी मोकळ्या मनाने नोंदविले. पण त्याने बापाचा दोष तिळमात्र कमी होत नाही, असा निवाडाही तिथेच दिला. स्वतःच्या आजोबांविषयी आणि ज्या विवाहातून आपण जन्मलो त्याविषयी असा निवाडा देणे सोपे नव्हते.

संस्कृत विदुषी, केशवपनाविरुद्ध बोलणारी विधवा, ख्रिस्ती झालेली ब्राह्मण स्त्री, बायबलची भाषांतरकार अशा अनेक रूपांत रमाबाई आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या आयुष्याचा एक धागा मात्र त्या मानाने कमी उलगडला गेला आहे. निराधार मुलींना गोड बोलून, खाऊपिऊ घालून, विश्वास संपादून जाळ्यात कसे ओढले जाते, याचा त्यांनी प्रत्यक्ष हिंडून शोध घेतला. जे दिसले ते नावगाव असलेल्या पत्रांतून आणि लेखांतून जाहीर केले. आणि त्याची किंमतही मोजली. हा लेख त्या धाग्यापुरता आहे.

अनंतशास्त्री जुन्या परंपरेतले पंडित. परंतु पत्नीला संस्कृत शिकविण्याच्या आग्रहापायी त्यांना विद्वानांच्या सभेपुढे उभे राहून आपली बाजू मांडावी लागली. पश्चिम घाटात गंगामूळ येथे रानात त्यांनी आश्रम थाटला. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. मूल काही महिन्यांचे असतानाच कुटुंबाने घर सोडले आणि वेताच्या पेटाऱ्यात घालून रमाबाईंचा प्रवास सुरू झाला तो पुढे वीसेक वर्षे थांबलाच नाही. देवळाच्या ओसरीवर पुराण सांगावे, दक्षिणा मिळेल त्यात भागवावे, पुढच्या क्षेत्राला जावे, असा तो क्रम होता. आईने पहाटे उठवून मुलीला संस्कृत शिकविले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब अन्नान्नदशेला लागले. वडील गेले, पाठोपाठ आई आणि मोठी बहीणही गेली. उरली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास.

ही दोन भावंडे अनवाणी काश्मीरपर्यंत चालत गेली. झेलमच्या परिसरातल्या थंडीत अंगावर पुरेसे वस्त्र नसल्याने वाळूत कबरीसारखे खड्डे करून, डोके तेवढे बाहेर ठेवून, त्यांनी रात्री काढल्या. भुकेपोटी रानातली बोरे बियांसकट गिळली. आपल्याबरोबर भाऊ होता, ही गोष्ट त्या कधी विसरल्या नाहीत. भाऊ नसलेली, अक्षरओळख नसलेली, त्याच वयाची मुलगी त्याच रस्त्यावर एकटी असती तर तिच्याशी सहानुभूतीने बोलणारा पहिला माणूस कोण निघाला असता, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे, असे मला वाटते.

१८७८ मध्ये भावंडे कलकत्त्याला पोहोचली आणि तिथल्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढची चार वर्षे फार भराभर गेली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय, आंतरप्रांतीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या आरंभी पतीचे पटकीने निधन झाले. तेवीस वर्षांची ही विधवा कडेवर मूल घेऊन पुण्याला आली. तिने आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात ही त्या साक्षीतली मागणी प्रसिद्ध आहे. मुलींच्या शाळा तपासायला बायकाच नेमल्या पाहिजेत हीही मागणी तिथेच होती, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती जास्त महत्त्वाची. मुलींवर ज्यांचा अधिकार चालतो त्या पुरुषांवर देखरेख कोण करणार, हे रमाबाईंनी तेव्हाच विचारले होते.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी मठातील भगिनींनी त्यांना आश्रय दिला आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. इथे एक प्रकरण घडले. छोटी मनोरमा मठात राहत होती आणि भगिनी तिच्यावर आईच्या मायेने प्रेम करीत. त्या प्रेमाच्या हक्कावर त्यांनी मुलीच्या धर्मशिक्षणाचा ताबाही घेऊ पाहिला. रमाबाईंनी त्याला ठाम नकार दिला. आपल्या मुलीला कोण काय शिकवितो हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे आणि आपल्या संमतीवाचून ते होता कामा नये, ही भूमिका त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात पुन्हा पुन्हा मांडली. आश्रयदात्यांच्या उपकाराखाली असलेल्या, परक्या देशात हातात पैसा नसलेल्या बाईचा हा नकार होता. मठातल्या भगिनींचा हेतू वाईट नव्हता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण हेतू चांगला असला तरी मुलाच्या बाबतीत आईला अंधारात ठेवता येत नाही, ही रेषा रमाबाईंनी ओढली.

त्यानंतर अमेरिका. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन-अडीच वर्षे तिथेच राहिल्या. पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली, बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. त्या पैशातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. उच्चवर्णीय बालविधवांची ही निवासी शाळा. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. पुढल्या वर्षी सदन पुण्याला आले.

आणि इथे रमाबाईंच्या चरित्रातला सर्वांत अवघड प्रश्न येतो. तो टाळून पुढे जाणारी चरित्रे पुष्कळ आहेत. मुलींना आसरा देतो, खाऊ घालतो, शिकवितो असे सांगून रमाबाई त्यांना हळूहळू ख्रिस्ती करीत आहेत, असा आरोप १८९३ मध्ये पुण्यात झाला. 'केसरी'ने तो जोराने लावून धरला. सदनाच्या सल्लागार मंडळावर असलेल्या न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूतिदारांनीही राजीनामे दिले. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. आज शब्द बदलून तोच आरोप मांडायचा तर असा मांडता येईल: सर्वस्वी अवलंबून असलेल्या अल्पवयीन मुलींचा विश्वास संपादून आपल्याला हव्या त्या दिशेला त्यांना वळविणे. मग रमाबाई आणि त्यांनी पुढे ज्यांचा बुरखा फाडला ते लोक यांत फरक काय?

फरक आहे. तो भावनेने नव्हे, वस्तुस्थितीने दाखवावा लागतो. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखण्याचे अभिवचन होते आणि मुलींना त्यांचे आचार पाळण्याची सोय होती. रमाबाई स्वतःची प्रार्थना आपल्या खोलीत, दार उघडे ठेवून करीत. मुली येऊन बसू लागल्या तेव्हा त्यांनी त्यांना हाकलले नाही. हे आकर्षण होते हे नाकारण्यात अर्थ नाही. आसरा देणाऱ्या व्यक्तीचा धर्म हा आश्रिताला कधीच पुरता तटस्थ वाटत नाही, हे टीकाकारांचे म्हणणे मला रास्त वाटते. परंतु दार उघडे होते, आत काय चालते ते पालकांना कळत होते, नको असेल त्यांनी मुली परत नेल्या, आणि त्यांना नेता आल्या. सदनात काही वर्षे काढून गोदूबाई हिंदूच राहिल्या आणि १८९३ मध्येच त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. जिथे मूल फसविले जाते तिथे पहिली अट गुप्ततेची असते. घरच्यांना सांगू नकोस, हे वाक्य तिथे हमखास उच्चारले जाते. सदनात नेमके ते नव्हते. पुढे केडगावला रमाबाईंनी उघडपणे ख्रिस्ती संस्था काढली तेव्हा तटस्थतेचे अभिवचनही उरले नाही. तिथल्या निराधार पोरींना परत नेणारे पालकही नव्हते. त्या काळाविषयी मतभेदाला जागा आहे आणि ती राहील.

१८९५ च्या सुमारास रमाबाई गरीब यात्रेकरूच्या वेशात मथुरा-वृंदावनास गेल्या. लहानपणी आईवडिलांबरोबर त्यांनी क्षेत्रे पाहिली होती. आता त्यांना त्याच क्षेत्रांची मागची बाजू पाहायची होती. वृंदावनात बंगालपासून महाराष्ट्रापर्यंतच्या विधवा हजारोंनी येत. त्या येत म्हणण्यापेक्षा आणल्या जात. क्षेत्रोपाध्यांचे हस्तक गावोगाव हिंडत, घरात विधवा मुलगी आहे असे कळले की तिच्या घरच्यांशी ओळख वाढवीत. कृष्णाच्या नगरीत राहिले, रोज दर्शन घेतले की या जन्मीचे पाप फिटते, असे सांगत. सासरी जिचा मुखडा अशुभ मानला जाई, तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी आदराने, आपुलकीने बोलत असे. घरच्यांनाही ही ब्याद पुण्याच्या मार्गाने टळत असल्याने आनंदच वाटे.

क्षेत्री पोचल्यावर पहिले काही दिवस सुखाचे जात. राहायला खोली मिळे, देवदर्शन होई, कुणीतरी काळजी घेई. मग भाडे, दक्षिणा, अमुक पूजा, तमुक दान यांत गाठीचे पैसे संपत. पैसे संपले की उपकारांची आठवण करून दिली जाई. परतीचा रस्ता नसे, कारण गावी तिला नाव ठेवलेलेच असे. मग कुणा साधूची वा पुजाऱ्याची सेवा करण्याचा सल्ला मिळे आणि त्या सेवेचा अर्थ तिला कळे तोवर फार उशीर झालेला असे. म्हाताऱ्या झालेल्या बायका पसाभर धान्यासाठी दिवसदिवस भजन म्हणत बसत आणि नव्या येणाऱ्या पोरींना तोच मार्ग दाखवीत. हे चित्र रमाबाईंनी नंतर आपल्या लेखनात उघड केले. धर्मक्षेत्राची बदनामी केली म्हणून टीका झालीच. ख्रिस्ती बाई हिंदू क्षेत्राविषयी आणखी काय लिहिणार, असे म्हणून तो विषय मिटविणे सोपे होते. त्यांच्या लेखनात मिशनरी आवेश आहे, हेही खरे. पण एखाद्या तक्रारीतला आवेश वजा करून शिल्लक राहते ते तपासायचे असते, आणि जे शिल्लक राहिले ते पुसता येण्यासारखे नव्हते.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरू लागली. रमाबाईंच्या मनात स्वतःच्या दुष्काळाची आठवण जागी झाली आणि त्या तिकडे निघाल्या. सरकारी गरीबखाने आणि खडी फोडण्याची दुष्काळी कामे त्यांनी डोळ्यांनी पाहिली. भुकेची वर्णने त्या काळात अनेकांनी लिहिली. रमाबाईंना त्या गर्दीत आणखी काही माणसे दिसली. उपाशी मुलींच्या वाटेवर उभे असलेले पुरुष आणि, विशेष म्हणजे, बायका. हातात मिठाई, अंगावर घालायला धडके कपडे आणि ओठांवर चांगल्या घरी नेण्याचे वचन. सरकारी छावणीपर्यंत पोहोचण्याआधीच कितीतरी पोरी वाटेतूनच नाहीशा होत होत्या. ज्या पोहोचत त्यांचीही सुटका नव्हती. रोजची भाकरी आणि मजुरी ज्यांच्या हाती, ते मुकादम आणि शिपाई त्या भाकरीची वेगळी किंमत मागत.

मुलींना पळविणारा म्हणजे अंगावर झडप घालणारा राक्षस, अशी समजूत तेव्हाही होती आणि आजही आहे. रमाबाईंनी पाहिलेला माणूस झडप घालीत नव्हता. तो आधी खाऊ देत होता. मुलगी त्याच्याबरोबर आपल्या पायांनी चालत जात होती, म्हणून आसपासच्या लोकांना त्यात वावगे काही दिसत नव्हते. दिसलेच तरी ती आपखुशीने गेली असे म्हणायला ते मोकळे होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत सोळा वर्षांखालील मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणे वा घेणे हा गुन्हा होता. तथापि विक्री सिद्ध व्हायची तर कुणीतरी आधी तक्रार करायला हवी, आणि दुष्काळात मायबाप मेलेल्या पोरीसाठी तक्रार करणारा कोण असणार?

त्या मोहिमेत रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणि तरुण बायका आणल्या. त्यांना आणणेही सरळ नव्हते. या बाई तुम्हाला चार दिवस खाऊ घालतील, मग उलटे टांगून तुमचे तेल काढतील, अशा अफवा मुलींच्या कानी घातल्या गेल्या. काही पोरी रात्री भीतीने रडत. ज्याला मूल पळवायचे असते तो मुलाच्या मनात त्याच्या खऱ्या रक्षणकर्त्याविषयीच भय पेरतो. रमाबाईंनी यावर रागावून काही होणार नाही हे ओळखले. आधी पोटभर अन्न, मग आंघोळ, मग जखमांवर औषध, आणि आपल्याच वयाच्या, आधी आलेल्या मुलींची सोबत, असे दिवसेंदिवस चालले. विश्वास बसायला वेळ लागला आणि तो वेळ त्यांनी दिला.

या सगळ्या प्रकाराला आता 'ग्रूमिंग' असा शब्द वापरतात. मुलाची एकटेपणाची, भुकेची किंवा कौतुकाची गरज हेरणे, त्याच्याशी आणि अनेकदा घरच्यांशीही मैत्री करणे, भेटी देणे, छोटी छोटी गुपिते राखायला लावणे, हळूहळू त्याला इतरांपासून तोडणे आणि मग शोषणाला सुरुवात करणे. मिठाईच्या जागी मोबाइलचा रिचार्ज आला आणि धर्मशाळेच्या जागी ऑनलाइन खेळातली गप्पांची खिडकी आली, तरी क्रम तोच आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांचा वारंवार पाठलाग करणे किंवा इलेक्ट्रॉनिक साधनांतून त्यांच्याशी लैंगिक हेतूने संपर्क ठेवणे हा गुन्हा ठरविला. असा अपराध घडण्याची शक्यता वाटली तरी पोलिसांना कळविण्याची जबाबदारी त्या कायद्याच्या कलम १९ ने प्रत्येकावर टाकली आहे. घडलेला अपराध माहीत असूनही तो न कळविणाऱ्या प्रौढाला शिक्षा आहे. सद्हेतूने कळविणाऱ्याला संरक्षण आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. रमाबाईंपाशी यातले काहीच नव्हते. त्यांच्यापाशी होते ते वर्तमानपत्राला पत्र.

असे एक पत्र त्यांनी १८९७ च्या मे महिन्यात 'बॉम्बे गार्डियन'ला लिहिले. पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. वॉल्टर रँड यांच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत होते, आजाऱ्यांना इस्पितळात आणि त्यांच्या सोबतच्यांना विलगीकरण छावणीत हलविले जात होते. इस्पितळातली अनास्था, स्त्रियांची तपासणी करण्याची लाजिरवाणी पद्धत आणि छावणीतला असुरक्षितपणा यांविषयी रमाबाईंनी सविस्तर लिहिले. त्यांच्याकडची एक तरुण मुलगी या व्यवस्थेच्या ताब्यात गेली आणि परत आलीच नाही. छावणीवरच्या एका पहारेकऱ्याने तिला आपल्याजवळ ठेवून घेतले, अशी ती हकीकत होती. मुलींच्या रक्षणाकरिता उभारलेल्या सदनातली मुलगी सरकारी पहाऱ्यात असताना गेली, हे त्यांच्या जिव्हारी लागले.

हे पत्र लिहिताना रमाबाईंची स्थिती काय होती ते पाहण्यासारखे आहे. पुण्यातल्या सनातन्यांशी त्यांचे केव्हाच बिनसले होते. आधार उरला होता तो ख्रिस्ती मिशनऱ्यांचा, परदेशी देणगीदारांचा आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या सदिच्छेचा. तीनशे दुष्काळी पोरी नुकत्याच दारात आल्या होत्या आणि प्लेगच्या नियमांमुळे त्यांना पुण्यात ठेवायलाही परवानगी हवी होती. अशा वेळी सरकारवर असा आरोप करणे म्हणजे उरलेला आधारही पणाला लावणे होते. त्यांनी तो लावला.

पत्राचे पडसाद लंडनपर्यंत उमटले. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी तिकडे गेलेल्या गोखल्यांनी प्लेगच्या काळातील अत्याचारांचा विषय तिथे काढला होता. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी रमाबाईंचे आरोप चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरविले. चौकशी झाली ती आरोप फेटाळण्यापुरती. दरम्यान २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. वातावरण इतके तापले की टीका करणारा प्रत्येक जण राजद्रोही ठरू लागला. टिळक तुरुंगात गेले. परत आल्यावर पुरावा देता येईना म्हणून गोखल्यांना जाहीर क्षमा मागावी लागली. रमाबाईंनी मात्र आपले म्हणणे मागे घेतले नाही. या खणाखणीत त्या मुलीचे काय झाले, हा मूळ प्रश्न बाजूला पडला. ज्यांच्यावर आरोप त्यांनीच निवाडा करायचा, तक्रार करणाऱ्याच्या शब्दातली एखादी उणीव शोधून सगळी तक्रार निकालात काढायची, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

पुण्यात मुली ठेवणे अशक्य झाल्यावर रमाबाईंनी त्यांना केडगावला हलविले. पुण्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, सोलापूरच्या लोहमार्गालगत सदनाच्या खर्चासाठी म्हणून फळबागेची जमीन त्यांनी आधीच घेतलेली होती. सुरुवातीला तिथे झाडे आणि झोपड्या होत्या. विहिरी खणल्या, विटा पाडल्या आणि १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळात पुन्हा शेकडो मुली आल्या. या खेपेस वाटेवर पोरी शोधायला ज्या बायका गेल्या, त्यांत आधीच्या दुष्काळातून वाचलेल्या मुलीही होत्या. कोणत्या गोड शब्दांमागे काय असते, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. मुक्तीतल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या मुलींना कसे सांभाळले याचे तपशील रमाबाईंच्या पांडित्यापेक्षा मला जास्त बोलके वाटतात. मुलींचे लहान लहान गट करून प्रत्येक गटावर एक वडीलधारी बाई नेमली होती, म्हणजे गर्दीत कुणी हरवू नये. बहुतेक सगळी कामे बायकाच करीत: शेती, गोठा, विणकाम, तेलाचा घाणा, छापखान्यातले खिळे जुळविणे. मुलीच्या हातात काम असले की तिला भाकरीसाठी कुणाच्या दयेवर राहावे लागत नाही, हे वृंदावनात आणि खडीच्या ढिगांवर पाहिलेल्या गोष्टींचे थेट उत्तर होते. आंधळ्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. आणि ज्यांना वाचवायला उशीर झाला होता, ज्या आधीच कुणाच्या तावडीत सापडून आल्या होत्या, त्यांच्यासाठी कृपा सदन होते. त्या काळच्या सुधारकांच्या संस्थाही बहुधा निष्कलंक मुलींनाच घेत. फसलेल्या मुलीला दोष न देता तिला घरात घेणे ही रमाबाईंची गोष्ट त्यांच्या धर्मांतराच्या वादात झाकोळून गेली, याचे वाईट वाटते.

शेवटची पंधरा-वीस वर्षे त्यांनी केडगावाबाहेर फारसे पाऊल टाकले नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईलाही वाचता यावे असे ते असावे, हा त्यांचा आग्रह होता. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. बावीस वर्षांपूर्वी ज्यांच्या गव्हर्नराने त्यांना खोटे पाडले होते, त्याच सरकारचे हे पदक. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईच्या पश्चात संस्था तीच पाहणार असे सर्वांनी धरले होते. लेकीच्या मागे रमाबाई जेमतेम नऊ महिने राहिल्या. भाषांतराची अखेरची मुद्रिते तपासून झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार मुली आणि स्त्रियांसाठी काम करीत आहे.